पेशींचं गणित मांडून खरंच काही हाती लागतं का?

प्रश्न पुण्यात बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिच्या लॅबमध्ये गुडघ्याच्या कूर्चेसाठी मूलपेशी घातलेलं जेल बनवतात. गाइड म्हणतात, प्रबंधात मॉडेलिंगचं एक प्रकरण हवं. सहकारी म्हणतात, प्रयोग झाल्यावर आकड्यांवर रेघ बसवायची आणि रंगीत चित्रं छापायची, यात विज्ञान कुठलं? तिला विचारायचंय ते एवढंच: पुनर्जननवैद्यकात, म्हणजे बिघडलेली ऊती नव्याने उभी करण्याच्या शास्त्रात, मॉडेलिंगमुळे आजवर खरोखर काही बदललं आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. वीस वर्षं मी हेच काम करते आहे, आधी रक्तवाहिन्यांवर, आता कूर्चेवर. छापून येणाऱ्या मॉडेलांपैकी बरीचशी प्रयोग संपल्यावर चढवलेली सजावट असतात, हे मला दिसतं. दहा पॅरामीटर हाताशी असले की सहा बिंदूंमधून कुठलीही रेघ नेता येते, आणि त्यातून नवं काहीच कळत नाही.

पण मॉडेलचं खरं काम ते नाही. पुढे काय होणार हे त्याने आधी सांगायचं असतं, आणि तेही इतकं स्पष्ट की चुकलं तर चुकलं म्हणता यावं. असं एकदा फार नीट घडलं आहे. ती हकिकत मी जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात प्रश्न लहान मुलांची अरुंद झालेली रक्तवाहिनी रुंद करायला आत फुगा घालायचा की थांबायचं, इतका थेट होता.

काही बाळं हृदयाचा एकच कामाचा कप्पा घेऊन जन्माला येतात. शुद्ध आणि अशुद्ध रक्त त्यांच्यात मिसळतं आणि ओठ-नखं निळसर दिसतात. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातले शल्यविशारद फ्रान्सिस फाँताँ यांनी १९७१ साली एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिच्या आजच्या रूपात शरीराच्या खालच्या भागातून येणारं अशुद्ध रक्त एका नळीने हृदयाच्या बाहेरून थेट फुप्फुसाच्या धमनीत नेतात. ही नळी बहुतेक वेळा गोरटेक्ससारख्या कृत्रिम पदार्थाची असते. तिची अडचण कुठल्याही आईला कळेल अशी आहे: मूल वाढतं, नळी वाढत नाही.

टोकियो विमेन्स मेडिकल युनिव्हर्सिटीतले तोशिहारू शिनओका यांनी यावर वेगळा मार्ग काढला. विरघळणाऱ्या पॉलिमरची सच्छिद्र नळी घ्यायची, तिच्यात त्याच मुलाच्या पेशी पेरायच्या आणि ती शरीरात बसवायची. पॉलिमर काही महिन्यांत निघून जाईल, मागे मुलाची स्वतःची रक्तवाहिनी उरेल आणि ती त्याच्याबरोबर वाढेल. १९९९ मध्ये चार वर्षांच्या एका मुलीच्या फुप्फुसाच्या धमनीसाठी असा ग्राफ्ट, म्हणजे बसवलेली नळी, पहिल्यांदा वापरला गेला. नंतर पेशी वाढवत बसण्याऐवजी अस्थिमज्जेतल्या पेशी शस्त्रक्रियेच्याच दिवशी काढून पेरायला सुरुवात झाली. एकूण पंचवीस मुलांवर ही पद्धत वापरली गेली. ग्राफ्टमुळे कुणी दगावलं नाही, पण काही मुलांमध्ये नळी आतून अरुंद झाली. सगळ्यात मोठी गुंतागुंत तीच होती.

त्या वेळचा सर्वमान्य समज असा की पेरलेल्या पेशींपासूनच नवी भिंत तयार होते. बी पेरलं, रोप आलं. पण अमेरिकेत ख्रिस्तोफर ब्रूअर यांच्या गटाने उंदरांमध्ये हे तपासलं तेव्हा पेरलेल्या पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा झालेल्या दिसल्या. २०१० साली हे काम प्रसिद्ध झालं. पेरलेल्या पेशी जाण्यापूर्वी काही रासायनिक संदेश सोडतात, त्या हाकेला रक्तातल्या दाहाच्या पेशी धावून येतात, आणि भिंत बांधायला शेजारच्या शिरेतल्या पेशी सरकतात. म्हणजे रक्तवाहिनी बांधण्याचं काम दाहाने सुरू होतं. (इथे एक बाजूची गोष्ट. गुडघ्यात मूलपेशी टोचून कूर्चा परत आणून देतो, अशा जाहिराती पाहून नातेवाईक मला फोन करतात. टोचलेली पेशी तिथेच राहून नवा अवयव होते हे गृहीत धरायला आधार लागतो, आणि तो बऱ्याचदा नसतो. भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी मूलपेशींचा वापर मान्य चाचणीच्या बाहेर करायचा नसतो. घरच्यांना हे जरूर सांगा.)

पुढे अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाच्या परवानगीने याच ग्राफ्टची चाचणी झाली. पहिल्या सहा महिन्यांतच ग्राफ्ट अरुंद होण्याचं प्रमाण खूप निघालं. फुग्याने नळी रुंद करून उपचार यशस्वी झाले, पण नवी पद्धत अशी वागू लागली की डॉक्टरांची झोप उडते. पेशी जास्त पेराव्या की कमी, दाह औषधाने दाबावा का, पॉलिमर बदलावा का, असे कितीतरी फाटे होते. प्रत्येक फाटा मेंढ्यांवर तपासायचा म्हटलं तर आयुष्य सरेल.

मॉडेल इथे कामाला आलं. येल विद्यापीठातले जे हम्फ्री यांच्या गटाकडे रक्तवाहिनी कशी वाढते आणि बदलते याचं गणित होतं. त्याचा पाया हम्फ्री आणि के. आर. राजगोपाल यांनी २००२ मध्ये घातला होता. त्यातली मूळ कल्पना समीकरणाशिवाय सांगता येते.

माणसं राहत असलेला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. तो पाडून नवा बांधत नाहीत. आज एक तुळई काढली, उद्या दोन विटा बदलल्या, असं चालतं आणि घर उभंच राहतं. रक्तवाहिनीची भिंत तशी आहे. तिच्यात कोलॅजन आहे, स्नायुपेशी आहेत, आणि आपल्या ग्राफ्टमध्ये सुरुवातीला पॉलिमर आहे. प्रत्येक घटकाला दोन हिशेब जोडलेले असतात: दररोज नवा किती घातला जातो आणि जुना किती काढला जातो. निरोगी धमनीतलं कोलॅजन साधारण सत्तर दिवसांत निम्मं बदललेलं असतं, असं उंदरांवरच्या जुन्या मोजमापांतून दिसतं. पॉलिमरच्या वाट्याला फक्त काढणं आहे, घालणं नाही.

तिसरा हिशेब मला सगळ्यांत सुंदर वाटतो. बाज विणताना नवार सैल टाकत नाहीत, ताणूनच बसवतात. पेशीसुद्धा कोलॅजनचा नवा धागा ताणून बसवते. भिंतीतले धागे वेगवेगळ्या दिवशी बसवलेले असतात, त्यामुळे प्रत्येकाचा आत्ताचा ताण वेगळा असतो. हम्फ्रींच्या गणितात प्रत्येक दिवसाच्या धाग्याची अशी वेगळी नोंद राहते. बहुतेक सोप्या मॉडेलांत ही नोंद नसते.

आता उरलं ते नवा माल किती घालायचा हे ठरवणारं सूत्र. ते दोन गोष्टींवर बेतलं होतं: भिंतीवरचा यांत्रिक ताण आणि दाह. भिंतीवर सोसण्यापेक्षा जास्त ताण आला तर पेशी जास्त माल घालतात, कमी आला तर कमी. हे निरोगी वाहिनीचं वागणं. दाह मात्र ताण विचारत नाही. दाहाच्या पेशी जमल्या की त्या आणि त्यांनी चेतवलेल्या पेशी माल टाकतच राहतात.

हे सगळं एकत्र चालवलं की घटनाक्रम असा उलगडतो. पहिल्या आठवड्यांत पॉलिमरची नळी ताठ असते. रक्ताच्या दाबाचा भार तीच घेते, म्हणून आत शिरलेल्या पेशींना भार जवळजवळ जाणवतच नाही. त्याच वेळी पॉलिमरमुळे दाह शिगेला असतो. परिणामी भार नसताना माल साठत जातो, भिंत जाड होते आणि पोकळी आतून भरत येते. चाचणीत दिसलेलं अरुंद होणं ते हेच. पुढे पॉलिमरची ताकद संपते, दाहही ओसरतो. भार आता नव्या भिंतीवर येतो, पण भिंत गरजेपेक्षा जाड झालेली असल्याने दर चौरस मिलिमीटरला येणारा ताण कमी भरतो. ताण कमी म्हणून नवा माल कमी, आणि जुना माल काढणं तर चालूच. भिंत हळूहळू पातळ होते आणि पोकळी मोकळी होते.

म्हणजे मॉडेलचं म्हणणं असं होतं की अरुंद झालेली नळी काही महिन्यांत आपोआप रुंद होईल, कुणी हात न लावता.

हे कुणी अपेक्षिलेलं नव्हतं. रक्तवाहिनी अरुंद होणं हा शब्द ऐकला की डॉक्टरांच्या मनात एकच दिशा असते, ती बंद होण्याची. शिवाय मुलांमध्ये फुगा घालून झालेला असल्यामुळे, न घालता काय झालं असतं हे त्या मुलांकडे पाहून कळणं शक्यच नव्हतं. माहितीतली ही फट फक्त मॉडेलने उघडी केली.

मग त्यांनी योग्य तेच केलं. मेंढ्यांच्या पोटाकडून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत हेच ग्राफ्ट बसवले आणि ते अरुंद झाल्यावर हात न लावता महिनोन्‌महिने नजर ठेवली. ग्राफ्ट अरुंद झाले आणि पुढे आपोआप मोकळे झाले. मेंढ्यांनी मधला काळ बहुतांशी त्रास न होता काढला. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. निष्कर्ष मोजून मापून मांडला होता: लक्षणं नसलेल्या मुलामध्ये सुरुवातीला नळी अरुंद झाली तर फुगा टाळणं सुरक्षित असू शकतं, पण देखरेख हवीच. आणि पुढच्या पिढीच्या ग्राफ्टसाठी दिशा मिळाली: सुरुवातीचा दाह कमी होईल आणि पेशींना भार लवकर जाणवेल अशी पॉलिमरची नळी बनवा.

या कामाच्या मर्यादाही तुम्हाला माहीत हव्यात, कारण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येईल. मेंढीची शीर म्हणजे फाँताँ शस्त्रक्रियेतलं मूल नव्हे. त्या मुलांच्या शरीरात रक्त फुप्फुसाकडे ढकलायला मधला पंप नाही, दाब थोडासा असतो, म्हणून थोडी अडचणही महाग पडते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध सोळापट होतो, आणि तेवढंच रक्त वाहत राहिलं तर आतल्या पृष्ठभागावरचं घर्षण आठपट. शिवाय खरी नळी सगळीकडे सारखी अरुंद होत नाही, बऱ्याचदा एखाद्या टोकाला जास्त होते. त्यामुळे 'मॉडेल म्हणतं थांबा' एवढ्यावर कुणी कुठल्याही मुलासाठी थांबू नये. मेंढ्यांचा प्रयोग करायची गरज आहे आणि तो नक्की कुठल्या महिन्यात पाहायचा, हे मॉडेलने सांगितलं. मॉडेलकडून मी एवढीच अपेक्षा ठेवते, आणि ती थोडी नाही.

दुसरं एक उदाहरण धावतं सांगते. ॲक्सोलॉटल नावाचा सॅलमँडर शेपूट तुटली की मज्जारज्जूसकट नवी आणतो. नवा मज्जारज्जू लांब होतो तो पेशी जास्त वेगाने विभागल्याने, की जवळच्या पेशी सरकून आल्याने, की झोपलेल्या पेशी जाग्या झाल्याने? तिन्ही गोष्टी होतात हे माहीत होतं. २०१६ मध्ये एका गटाने पेशी मोजून प्रत्येकीचा वाटा गणिताने वेगळा काढला, तेव्हा विभागणीचा वाढलेला वेग हाच मुख्य चालक निघाला. 'अमुक घडतं' यावरून 'अमुक इतकं घडतं' यावर जायला मोजमाप आणि मॉडेल दोन्ही लागतात. जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांना हे उदाहरण द्या. त्यांना ते लगेच पटतं, कारण त्यात समीकरण जेमतेम एक आहे.

आता माझी एक चूक, कारण ती तुमच्या विषयाच्या अगदी जवळची आहे.

पोस्टडॉकला असताना आम्ही जेलमध्ये कूर्चेच्या पेशी वाढवत होतो. अतिशय बारीक इलेक्ट्रोड जेलमध्ये हळूहळू खोल नेत ऑक्सिजन मोजायचा, असं काम होतं. पहिल्या आठवड्यात ऑक्सिजन खोलवर हळूहळू कमी होत जाई. चौथ्या आठवड्यात तो फार झटकन घसरू लागला. पेशींची संख्या फारशी बदलली नव्हती. मी मॉडेल बसवलं, रेघ सुरेख बसली, आणि मी सांगितलं की प्रत्येक पेशी आता जास्त ऑक्सिजन खाते आहे. एका सहकाऱ्याने त्यावर विसंबून पेशींच्या मायटोकॉन्ड्रियावर तीन महिने काम केलं.

मग लॅबमधल्या एका ज्येष्ठ जीवशास्त्रज्ञ बाईंनी सरळ विचारलं, "चार आठवड्यांत पेशींनी भोवती एवढं दाट जाळं विणलंय. त्यातून ऑक्सिजन पूर्वीइतकाच सहज कसा सरकेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्थिर झालेल्या ऑक्सिजनच्या उतारावरून खपाचा दर वेगळा आणि विसरणाचा, म्हणजे ऑक्सिजन जेलमधून पसरत जाण्याचा, वेग वेगळा असं कधीच काढता येत नाही. त्या समीकरणात दोघांचा भागाकारच तेवढा असतो. खप दुप्पट झाला काय आणि विसरण निम्मं झालं काय, रेघ तीच येते. मी विसरण पाण्यासारखंच राहिलं असं गृहीत धरलं होतं आणि सगळा बदल पेशींच्या माथी मारला होता. नंतर पेशी मारून, नुसत्या जाळ्यात ऑक्सिजन किती वेळात मुरतो हे आम्ही मोजलं. विसरण खरोखरच मंदावलं होतं. पेशी होत्या तशाच होत्या. त्या सहकाऱ्याचे तीन महिने मला परत देता आले नाहीत.

तेव्हापासून कुठलाही प्रयोग ठरण्याआधी मी पेपरवर लिहून काढते: या मोजमापातून कुठला पॅरामीटर एकटा दिसेल आणि कुठले दोन एकमेकांच्या आड लपतील. तुम्हीही तुमच्या गाइडबरोबर पहिली बैठक यासाठीच घ्या. सॉफ्टवेअर नंतर.

आणि आता तुमचं जेल. तुम्ही लिहिलंय की चकती चार मिलिमीटर जाड आहे, दर मिलिलिटरला दोन कोटी मूलपेशी आहेत, चकती प्लॅस्टिकच्या प्लेटच्या तळाशी बसते आणि वर माध्यम, म्हणजे पेशींना पोसणारा द्रव, असतं. हे गणित इथेच करून पाहू. कॅल्क्युलेटर पुरेल.

एक मूलपेशी तासाला साधारण शंभर फेम्टोमोल (फेम्टोमोल म्हणजे मायक्रोमोलचा एक अब्जांश) ऑक्सिजन वापरते असं धरू. दोन कोटी पेशींचा खप झाला मिलिलिटरला तासाला २ मायक्रोमोल. हवेशी समतोल झालेल्या माध्यमात ३७ अंशांवर मिलिलिटरला ऑक्सिजन असतो सुमारे ०.२ मायक्रोमोल. म्हणजे जेलमधला साठा नवा पुरवठा न आल्यास एका तासाच्या दहाव्या भागात संपेल. सहा मिनिटांत.

सहा मिनिटं म्हणजे ३६० सेकंद. जेलमध्ये ऑक्सिजनचं विसरण सेकंदाला सुमारे ०.००२ वर्ग मिलिमीटर. दोघांचा गुणाकार करा, त्याची दुप्पट करा: १.४४. वर्गमूळ १.२. ऑक्सिजन पृष्ठभागापासून १.२ मिलिमीटर आत पोहोचतो, पुढे नाही. हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९१९ मध्ये स्नायूतल्या केशवाहिन्यांसाठी असाच हिशेब मांडला होता. दाट ऊतीतले आकडे घाला, म्हणजे मिलिलिटरला दहा कोटी पेशी आणि पृष्ठभागावर पाव पट ऑक्सिजन, तर याच सूत्रातून सुमारे पाव मिलिमीटर येतो. शरीरात पेशी केशवाहिनीपासून फार लांब का नसतात, ते यावरून कळतं.

तुमची चकती तळाशी चिकटलेली आहे, म्हणून ऑक्सिजन फक्त वरून येतो. चारपैकी २.८ मिलिमीटर जेल त्याच्याविना. पण खरी गोम पुढेच आहे. चकतीवर तीन मिलिमीटर माध्यम स्थिर उभं असेल, तर ऑक्सिजनला आधी त्यातून उतरावं लागतं, आणि ते ढवळलं जात नसेल तर ती वाट जेलइतकीच संथ असते. दोन्ही थरांचा हिशेब एकत्र मांडला की जेलच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन ०.२ ऐवजी सुमारे ०.००७ मायक्रोमोल उरतो आणि आतली पोहोच १.२ वरून सुमारे ०.२३ मिलिमीटरवर येते. म्हणजे तुमच्या जेलचं रसायन बदलण्यापेक्षा माध्यमाची उंची बदलण्याने जास्त फरक पडेल, अशी दाट शक्यता आहे. किती लॅबमध्ये प्लेटमध्ये माध्यम किती ओतलं हे वहीत लिहितात? मी स्वतः कित्येक वर्षं लिहीत नव्हते.

या हिशेबात एक गोष्ट मी सोपी करून घेतली आहे. ऑक्सिजन घटला की पेशी खपही कमी करतात आणि ग्लुकोजवर निभावून नेतात, त्यामुळे ऑक्सिजन नाही म्हणजे पेशी मेल्या असं नव्हे. कूर्चेच्या पेशींना तर कमी ऑक्सिजन मानवतो. तुमच्या जेलमध्ये आधी काय संपतं, ऑक्सिजन की ग्लुकोज, हा चांगला प्रबंधाचा प्रश्न आहे. आणि तो सोडवायला तीन समीकरणं पुरतात. अकरा नकोत.

साधनांबद्दल फार विचार करू नका. विसरणाचं गणित पायथनमध्ये पन्नास ओळींत बसतं. भूमिती अवघड झाली तर फेनिक्स आहे, ऊतीच्या ताण-दाबासाठी एफईबायो, एकेक पेशी वेगळी दाखवायची असेल तर कॉम्प्युसेल-थ्रीडी किंवा फिजिसेल. सगळी विनामूल्य मिळतात. नियामकही आता मॉडेल वाचायला तयार आहेत. वैद्यकीय उपकरणांच्या मॉडेलवर कितपत विश्वास ठेवावा हे ठरवणारं अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेचं मानक २०१८ मध्ये आलं, आणि अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायदा बदलून औषधचाचणीपूर्व पुराव्यात प्राण्यांशिवायच्या पद्धतींना, संगणकीय मॉडेलसकट, जागा दिली. ते मानक मिळवून वाचाच. त्यात पहिला प्रश्न असा असतो की या मॉडेलच्या उत्तरावर कुठला निर्णय अवलंबून आहे आणि उत्तर चुकलं तर कुणाला किती इजा होईल. हल्ली 'डिजिटल जुळं', म्हणजे एखाद्या रुग्णाची संगणकातली प्रतिकृती, हा शब्द फार ऐकू येतो. ज्या प्रकल्पात या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं नाही, तिथे माझा तरी जीव रमत नाही.

पहिला प्रयोग असा करा. एकाच घाण्यातल्या दोन चकत्या घ्या. एक नेहमीसारखी प्लेटच्या तळाशी, वर तीन मिलिमीटर माध्यम, न हलवता. दुसरी स्टीलच्या जाळीवर, म्हणजे वरून-खालून दोन्हीकडून माध्यम लागेल, आणि प्लेट रॉकरवर ठेवून हलती. दोन्हींत पिमोनिडाझोल घाला. ऑक्सिजनचा दाब सुमारे दहा मिलिमीटर पाऱ्याखाली गेलेल्या पेशींमध्येच ते अडकून राहतं आणि नंतर रंगवता येतं. माझ्या आकड्यांप्रमाणे जाळीवरच्या चकतीत मधोमध साधारण २.२ मिलिमीटर रुंद पट्टा रंगायला हवा, आणि तळाशी ठेवलेली चकती जवळजवळ सगळीच रंगायला हवी. तुमच्या पेशींचा खप वेगळा असेल तर तुमचे आकडे वेगळे येतील, म्हणून खप आधी मोजा. मग पट्ट्याची रुंदी वहीत लिहा, खाली तारीख घाला, जे सहकारी हसतात त्यांच्यापैकी एकाची सही घ्या, आणि त्यानंतर चकत्या कापायला घ्या.